पार्टनरशिप ग्रँटचा तुझा ड्राफ्ट वाचला, त्याबद्दल

अगं,

तुझा ड्राफ्ट काल दोनदा वाचला, आधी फोनवर आणि मग प्रिंट काढून, हातात पेन घेऊन. टेक्निकल भाग झकास जमलाय, त्यात मी हात घालत नाही. पण सोळा पानांत पार्टनरबद्दल जेमतेम दीड पान, तेही बरंचसं त्यांच्या वेबसाइटवरनं उचललेलं, आणि ट्रेनिंगला फक्त एक ओळ, "सहा जणांना आठवडाभर परदेशात प्रशिक्षण". ज्या स्कीमच्या नावातच पार्टनरशिप आणि ट्रेनिंग आहे तिथे हे चालायचं नाही गं. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, निवांत वाच.

आधी हे बघ की सरकार असल्या कामाला पैसे का देतं. तुझा पेलोड, म्हणजे सॅटेलाइटवर बसवायचं उपकरण, उडावा असं त्यांना वाटतंच, पण त्यासाठी वेगळ्या स्कीम्स असतात. इथे त्यांना हवंय दुसऱ्या देशाशी टिकणारं नातं आणि आपल्याकडे परत येऊन काम करणारे हात. युरोपियन स्पेस एजन्सीचा तर नियमच आहे, सदस्य देश जेवढा पैसा घालेल साधारण त्याच प्रमाणात त्याच्या कंपन्यांना कंत्राटं मिळतात, जिओ-रिटर्न म्हणतात त्याला. म्हणजे एकत्र काम करतानाही प्रत्येक सरकारचं लक्ष घराकडे असतं, आणि त्यात वावगं काही नाही, करदात्याचा पैसा आहे तो. ब्रिटनच्या स्पेस एजन्सीने २०२३ मध्ये २ कोटी पौंडांचा इंटरनॅशनल बायलॅटरल फंड काढला तोही असाच, पैसे ब्रिटनमधल्या संस्थांना, काम परदेशातल्या जोडीदारासोबत, आणि पहिल्या टप्प्यात बऱ्याच जणांना छोट्या रकमा आणि मग मोजक्यांना मोठी. तुझा अर्ज वाचणारा माणूस हेच शोधत असणार की पैसे संपल्यावर इथे काय उरेल. तुझ्या सोळा पानांत मला त्याचं उत्तर सापडलं नाही.

दुसरं म्हणजे तू बजेटमध्ये पार्टनरला चाळीस टक्के रक्कम देणार असं दाखवलंयस. ते आधी खोड. अवकाशातल्या मोठ्या पार्टनरशिप बहुतेक करून अशा चालतात की प्रत्येकाने आपापला भाग आपापल्या पैशाने करायचा, एकमेकांना चेक द्यायचे नाहीत. नासा आणि इस्रोच्या निसार सॅटेलाइटचंच बघ ना, एल-बँड रडार आणि तो १२ मीटरचा मोठा अँटेना रिफ्लेक्टर नासाने केला, एस-बँड रडार, सॅटेलाइट बस (म्हणजे उपकरणं वाहणारा मूळ सांगाडा) आणि लाँच इस्रोने, करार २०१४ चा आणि लाँच ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून. तुझा प्रोजेक्ट त्या मानाने चिमुकला आहे पण तत्त्व तेच, तुझा पार्टनर स्वतःच्या खिशातून, किंवा त्याच्या सरकारकडून, काय आणतोय ते लिही. किती तास, कुठलं टेस्ट इक्विपमेंट, कोण इंजिनिअर. तो काहीच आणत नसेल आणि तुझ्याच ग्रँटवर जगणार असेल तर तो सप्लायर झाला, पार्टनर नाही, आणि रिव्ह्यूअरला हा फरक दुसऱ्याच पानावर कळतो.

आता माझ्या सगळ्यात आवडीचं उदाहरण सांगतो, कारण तुझ्या ट्रेनिंगच्या त्या एका ओळीचं उत्तर त्यातच आहे. १९७४ मध्ये इस्रो आणि फ्रान्सची एसईपी कंपनी यांचा करार झाला. फ्रेंच लोक एरियान रॉकेटसाठी वायकिंग नावाचं लिक्विड, म्हणजे द्रव इंधनाचं, इंजिन बनवत होते, इस्रोला ते तंत्रज्ञान हवं होतं आणि द्यायला पैसा नव्हता. मग ठरलं असं की बदल्यात इस्रोचे इंजिनिअर तिकडे १०० मॅन-इअर, म्हणजे शंभर माणसांचं एक वर्षाचं होईल एवढं, काम करून देतील. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली ही मंडळी फ्रान्समधल्या व्हर्नाँला जाऊन राहिली, त्यांच्याच टीममध्ये बसून त्यांच्याच इंजिनच्या अडचणी सोडवल्या. भारतात बनवलेलं पहिलं इंजिन १९८५ मध्ये पुन्हा फ्रान्सलाच नेऊन टेस्ट केलं. तेच आपलं विकास इंजिन, आजही पीएसएलव्हीची दुसरी स्टेज आणि एलव्हीएम-३ रॉकेटचा कोअर त्यावरच चालतो. नुसते ड्रॉइंग विकत घेता आले असते तरी हे जमलं नसतं असं मला ठाम वाटतं, कारण एखादा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, तेवढाच का ठेवलाय, कुठला पार्ट तीनदा फेल झाल्यावर बदलला, हे ड्रॉइंगवर नसतं, ते शेजारच्या टेबलावर बसल्यावरच कळतं.

म्हणून सहा जणांना आठवडाभर पाठवू नकोस. दोघांना पाठव, निदान तीन महिने, आणि त्यांना तिथे खुर्चीत बसून स्लाइड बघायला लावू नकोस, कामाला लाव. जपानच्या क्युशू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने बर्ड्स प्रोजेक्टमध्ये हेच केलं, घाना, मंगोलिया, बांगलादेश, नायजेरियाचे विद्यार्थी तिथे शिकायला आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आपापल्या देशाचा क्यूबसॅट, म्हणजे छोटा डब्याएवढा सॅटेलाइट, बनवला, २०१७ मध्ये ते स्पेस स्टेशनवरून सोडले. घाना, मंगोलिया आणि बांगलादेशचा तो पहिलाच सॅटेलाइट होता. इस्रोचा परदेशी लोकांना शिकवायचा उन्नती कार्यक्रम आठ आठवड्यांचा होता, २०१९ मध्ये बंगळुरूला सुरू झाला, त्यातही नॅनोसॅटेलाइटची जुळणी प्रत्यक्ष करायला होती. कालावधी वेगळे पण दोन्हीकडे माणसाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता.

आणि परत आल्यावर काय हेही लिही. मी एकाला बघितलंय, थर्मल व्हॅक्यूम टेस्टिंग (अवकाशासारख्या निर्वात, गरम-थंड चेंबरमध्ये उपकरण तपासणं) शिकून आला, वह्याच्या वह्या भरून, तापमान मोजणारे थर्मोकपल कुठे चिकटवायचे, वायर कशी सोडायची, चेंबर उघडण्याआधी किती वेळ थांबायचं, सगळं रेखाटनांसकट. आणि आल्यावर त्याला दोन वर्षं चेंबरच मिळाला नाही. मग तो दुसरीकडे गेला, साहजिकच. तुझ्या बजेटमध्ये परत आल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांचे टेस्ट फॅसिलिटीचे तास धर, आणि त्या दोघांनी इथे अजून चौघांना शिकवायचं हे माइलस्टोन म्हणून टाक.

एक जखमेची गोष्ट सांगतो. आमच्या पहिल्या पार्टनरशिपमध्ये त्यांचा बॉक्स आला, आमचा बॉक्स टेबलावर तयार, सगळे गोल करून उभे, आणि दोन्हीकडे मेल (पिनवाला) कनेक्टर, एकमेकांत बसणारच नाहीत. दोन्ही बाजूंनी ड्रॉइंगवर समोरचा फीमेल लावणार असं धरलं होतं. दोन बॉक्स कसे जोडायचे ते सांगणारं इंटरफेस डॉक्युमेंट होतं, पण त्यात त्या रकान्यात "नंतर ठरवू" असं लिहिलेलं होतं आणि नंतर कुणीच ठरवलं नाही. अ‍ॅडॉप्टर केबल बनवून पुन्हा टेस्ट करण्यात तीन आठवडे गेले. म्हणून पहिला माइलस्टोन म्हणजे सह्या झालेलं इंटरफेस डॉक्युमेंट, त्यात पिन नंबरपर्यंत सगळं.

एक्स्पोर्ट कंट्रोलचं, म्हणजे संवेदनशील तंत्रज्ञान देशाबाहेर पाठवण्यावरच्या सरकारी निर्बंधांचं, तुझ्या वेळापत्रकात नावच नाहीये. अमेरिकन पार्ट असेल तर तिकडचे आयटार किंवा ईएआर हे निर्यातीचे नियम लागू होऊ शकतात, भारतातून काही बाहेर पाठवायचं तर स्कोमेट ही आपली निर्यात-नियंत्रित वस्तूंची यादी बघायची. लायसन्सला महिने लागतात. आणि हे फक्त वस्तूंना लागू नाही हं, कंट्रोल्ड ड्रॉइंग ईमेल करणं, व्हिडिओ कॉलवर दाखवणं हेसुद्धा एक्स्पोर्ट धरलं जातं, त्यामुळे तुझी ट्रेनिंगला गेलेली मुलं ऐन महत्त्वाच्या मीटिंगला दाराबाहेर थांबलेली असू शकतात. पार्टनरला आत्ताच विचार की कुठलं काम तो तुझ्या माणसांना दाखवू शकतो आणि कुठलं नाही, आणि लेखी घे.

पैसे बऱ्याच ग्रँटमध्ये माइलस्टोन पूर्ण झाल्यावर मिळतात, तोवर पगार कुठून देणार ते अकाउंट्सवाल्यांबरोबर बसून बघ. सपोर्ट लेटरही बदलून घे, "आम्हाला सहकार्य करण्यात आनंद होईल" या वाक्याला काही किंमत नाही, त्यात माणसाचं नाव, तास आणि तारखा पाहिजेत. मागायला संकोच वाटतो माहितीये, पण जो आत्ता तास लिहून द्यायला कचरतोय तो नंतर तास देणारच नाही.

शुक्रवारपर्यंत नवीन बजेटचं पान आणि ट्रेनिंगचा भाग एवढंच पाठव, बाकीचं नंतर बघू. पार्टनरशी बोलणं झालं की त्याच दिवशी मला फोन कर, रात्री उशीर झाला तरी चालेल.