डीएम न्यूरोनंतर चक्कर आणि डोळ्यांच्या हालचाली याच विषयात करिअर करावं का?

तू एमडी मेडिसिनला आहेस आणि विचारतोयस की डीएमनंतर, म्हणजे न्यूरोलॉजिस्ट झाल्यावर, याच विषयात शिरलं तर स्कोप आहे का, पैसे मिळतात का. मी ठाण्यात, नौपाड्यात, हेच करते म्हणून लिहितेय. पेशंटची काळजी सोड, चक्कर येणारं माणूस नाही असं घर दाखव मला. खरा ताप हा आहे की ते तुझ्याकडे यायच्या आधी चार दवाखाने फिरून येतात, आणि त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा आहे.

दादा ऑर्थो आहे. त्याच्या लेखी चक्कर म्हणजे मान, मान म्हणजे स्पॉन्डिलायसिस आणि स्पॉन्डिलायसिस म्हणजे गळ्याला पट्टा. अरे, पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एमआरआय काढा, काही ना काही लिहून येणारच, म्हणून चक्कर तिथूनच येते असं कसं ठरलं? हा वाद आमच्याकडे गणपतीत होतो, भाऊबीजेला होतो, आई वैतागून आत निघून जाते.

तर चरईतल्या एक काकू आल्या, गळ्यात दादानेच दिलेला पट्टा. उजव्या कुशीवर वळलं की घर फिरतं, माळ्यावरचा डबा काढायला वर बघितलं की फिरतं, म्हणून बिचाऱ्या खुर्चीत बसून झोपायच्या. मुलाच्या हातात ही जाडी फाइल, त्यात मानेचा एमआरआय आणि बीटाहिस्टीनच्या, म्हणजे चक्करेच्या गोळ्यांच्या, चिठ्ठ्या. मी पट्टा काढला, मुलाला म्हटलं डोळ्यांचा व्हिडिओ घे, आणि काकूंचं डोकं उजवीकडे ४५ अंश वळवून त्यांना झटकन आडवं केलं, डोकं कॉटच्या कडेखाली जरासं लोंबतं ठेवून. दोन-तीन सेकंद काहीच नाही, मुलगा माझ्याकडे संशयाने बघतोय, आणि मग डोळे सुरू झाले, वरच्या दिशेला झटके आणि सोबत पीळ, खालच्या कानाकडे. काकूंनी माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. अर्ध्या मिनिटात सगळं आपोआप थांबलं. लगेच एपली केलं, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने फिरवलं, कानातले सुटलेले कॅल्शियमचे कण परत जागेवर, पुन्हा आडवं करून बघितलं तर डोळे शांत. आणि मुलगा काय विचारतो? "मॅडम, गोळी नाही? मग फी कशाची?"

पैशाचं उत्तर यातच आलं बघ.

व्हिडिओ दादाला पाठवला. उत्तर आलं, "छान, पण मान पण होतीच."

लोक हसणार, याची तयारी ठेव. खुद्द एपलीला त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं वेड्यात काढलं, त्याचा पेपर छापून यायला १९९२ उजाडलं. आणि तो न्यूरोलॉजिस्ट नव्हताच, ईएनटी होता. १९१४ चं नोबेल मिळवणारा बारानी पण कानवालाच. तेव्हा ईएनटीवाल्यांशी भांडू नकोस, भांडायला इतर लोक आहेत.

पण या विषयाची खरी किंमत कळते ती कॅज्युअल्टीत. सतत चक्कर, उलट्या, एमआरआय नॉर्मल, सगळे म्हणतात घरी सोडा. मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक पहिल्या दोन दिवसांत एमआरआयला चुकू शकतो, डोळ्यांना सहसा चुकत नाही. १९८८ ची ती हेड इम्पल्स टेस्ट, डोकं झटकन वळवून नजर जागेवर राहते का बघायची, हाल्माग्यी आणि कर्थॉइसची, अशा पेशंटमध्ये नॉर्मल आली तर घाबरायचं, बिघडलेली आली तर बहुतेक कान. इतकी उलटी टेस्ट दुसरी नसेल. अर्थात चक्कर त्या क्षणी चालू असेल तरच हे लागू आहे, काकूंसारख्या केसवर करून उगाच गोंधळ घालू नकोस, आणि नीट शिकल्याशिवाय तर नकोच.

हां, नुसत्या चक्करवर क्लिनिक चालत नाही हे पण सांगते, माझी अर्धी ओपीडी मायग्रेन आणि फिट्सची असते. इंटरव्हेन्शनवाल्या, म्हणजे नळी घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करणाऱ्या, बॅचमेटची गाडी बघून जळायचं नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणारं व्हीएनजी मशीन लगेच कर्ज काढून घेऊ नकोस, आधी पेशंटचे डोळे मोठे दाखवणारा फ्रेन्झेल गॉगल आणि हात पुरतात. फेलोशिप अशा ठिकाणी कर जिथे सर स्वतः उठून पेशंटला आडवं करतात, जिथे फाइल वाचून निदान होतं तिथे नको. आणि घरात कुणी ऑर्थो असेल तर त्याचा सल्ला घेऊ नकोस.