टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) बालमानसशास्त्राच्या नोट्स कशा काढाव्यात? इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्याला त्यात काही फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स केलं, मग बीएड, आता टीईटीचा पेपर २ (सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठीचा) गणित-विज्ञान घेऊन देताय, बाजारातली गाइडं वाचून झाली तरी पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग हे मानसशास्त्रज्ञ सगळे एकमेकांत मिसळतात, आणि इलेक्ट्रॉनिक्सची वर्षं फुकट गेली असं वाटतंय. फुकट अजिबात गेली नाहीत. मी पण इलेक्ट्रॉनिक्सवालीच आहे, सध्या सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, आणि माझं तर सरळ म्हणणं आहे की एक सेल, दोन बल्ब आणि थोडी वायर एवढ्यावर बालमानसशास्त्राचा निम्मा पोर्शन उभा राहतो.

आधी गुणांचं बघून घेऊ म्हणजे कशाला किती वेळ द्यायचा ते कळेल. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, खुल्या प्रवर्गाला पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण. पेपर २ मध्ये बालमानसशास्त्र ३०, दोन भाषांचे ३०-३०, गणित-विज्ञान ६०. आपल्यासारखी सायन्सवाली माणसं त्या ६० वरच तुटून पडतात आणि बालमानसशास्त्र "शेवटच्या आठवड्यात बघू" म्हणून ठेवून देतात. पण सीटीईटीचा, म्हणजे केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा, साचा बघा, तिथे भाषेच्या प्रत्येक ३० मधले १५ प्रश्न भाषा कशी शिकवायची यावर असतात आणि गणित, विज्ञानातही प्रत्येकी १० अध्यापनावर, म्हणजे सगळं धरलं तर १५० पैकी ८० गुण मूल कसं शिकतं याच एका गोष्टीभोवती फिरतात. सीटीईटी पण देऊन ठेवा, २०२१ पासून प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

आता नोट्स. गाइडमध्ये काय असतं, तर मानसशास्त्रज्ञाचं नाव, देश, साल, व्याख्या, चार टप्पे, आणि बहुतेक गाइडं एकमेकांवरूनच उतरवलेली वाटतात. परीक्षेत मात्र बरेच प्रश्न असे येतात की वर्गात एक मूल असं असं म्हणतं, तर शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल. म्हणून वहीच्या डाव्या पानावर फक्त मूल काय बोललं, काय केलं ते लिहा, आणि उजव्या पानावर ते कोणाच्या सिद्धांतात बसतं आणि शिक्षकाने पुढे काय करायचं हे लिहा. पियाजे म्हणून वेगळं प्रकरण काढूच नका, तो आपोआप सात-आठ पानांवर येतो.

उदाहरण देते. सहावीच्या मुलांना एक सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि एकच वायर द्या आणि म्हणा पेटवून दाखवा. बरीच मुलं सेलच्या वरच्या टोकापासून बल्बच्या बुडाला वायर लावतात आणि वाट बघत बसतात. कारण घरी त्यांना बल्बकडे जाणारी एकच वायर दिसते ना, आत दोन तारा असतात हे कुठे दिसतं. म्हणजे मूल कोरी पाटी घेऊन आलेलं नाही, त्याच्याकडे स्वतःचा एक सिद्धांत आहे, चुकीचा असला तरी तर्काला धरून. मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, हाच तुमचा ज्ञानरचनावाद. मग ते म्हणतं "बाई, सेल डाऊन आहे", म्हणजे नवीन अनुभव जुन्या कल्पनेतच कोंबतंय, हे पियाजेचं सात्मीकरण. दुसरा सेल लावला तरी पेटत नाही तेव्हा गडबडतं, हे असंतुलन. आणि सेलच्या दोन्ही टोकांचा संबंध बल्बशी लागल्याशिवाय काम होत नाही हे कळून कल्पनाच बदलते ते समायोजन. डाव्या पानावर "सेल डाऊन आहे" एवढंच लिहिलेलं असलं तरी परीक्षेत हे तीन शब्द तुम्ही विसरणार नाही.

पुढे दोन बल्ब एकसरीत, म्हणजे एकामागे एक एकाच रस्त्यावर, जोडा, पण पेटवायच्या आधी विचारा कुठला जास्त पेटेल. "पहिला" म्हणणारे भरपूर निघतात, कारण करंट वाटेत खर्च होतो अशी ठाम समजूत असते. (खरं सांगायचं तर ही समजूत बारावी झालेल्यांमध्येही सापडते.) पेटवल्यावर दोन्ही सारखेच मंद दिसतात, बल्ब मात्र एकाच मेकचे घ्या नाहीतर फरक पडतो आणि मुलांना वाटतं त्यांचंच बरोबर होतं. फरक दिसलाच तर बल्बांची अदलाबदल करायला सांगा. अदलाबदल का करायची हे ज्या मुलाला स्वतःहून सुचतं, एक गोष्ट बदलून बाकी सगळं तसंच ठेवायचं हे ज्याला कळतं, ते पियाजेच्या औपचारिक क्रियात्मक अवस्थेत पाय ठेवतंय, म्हणजे ११ च्या पुढचं. त्याआधीचं ७ ते ११ मूर्त क्रियात्मक, म्हणजे वस्तू हातात असेल तोवर तर्क नीट चालतो. सहावीची मुलं नेमकी या उंबरठ्यावर असतात, म्हणून पहिल्याच दिवशी फळ्यावर व्ही बरोबर आय आर हे ओहमच्या नियमाचं सूत्र लिहिणाऱ्या मास्तरांचा मला राग येतो. ब्रुनर या मानसशास्त्रज्ञाने क्रम सांगून ठेवलाय, आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. आधी जोडू द्या, मग जोडलंय तसं चित्र काढू द्या, मग सेलची ती लांब-आखूड रेघ आणि सूत्र.

वायगॉट्स्की इथेच येतो. एखादी मुलगी एक बल्ब एकटीने पेटवते, पण दोन बल्ब समांतर जोडणं तिला जमत नाही, आणि शेजारची म्हणते "अगं दोघांना सेलपासून वेगवेगळा रस्ता दे की" आणि जमतं. एकटीने जमतं ते आणि मदतीने जमतं ते, यामधली जागा म्हणजे समीपस्थ विकासाचं क्षेत्र. त्या मदतीला स्कॅफोल्डिंग, म्हणजे आधार देणं, म्हणतात, आणि इथे पेपरवाले फसवतात, कारण स्कॅफोल्डिंग हा शब्द वायगॉट्स्कीचा नाही, तो १९७६ मध्ये वुड, ब्रुनर आणि रॉस यांच्या लेखातून आला, वायगॉट्स्कीला जाऊन तोवर ४० च्या वर वर्षं झाली होती. आणि जोडताना मूल पुटपुटतं बघा, "लाल इकडे, काळी तिकडे", त्याला पियाजे आत्मकेंद्री बोलणं म्हणतो, मूल मोठं झालं की विरून जाणारं, तर वायगॉट्स्कीच्या मते तेच बोलणं आत जाऊन विचार बनतं. म्हणून पर्यायात "मुलाला शांत बसून काम करायला सांगावे" असं दिसलं की खोडून टाका. सालं पाठ करायचीच तर एवढं पुरे, दोघं १८९६ चेच, वायगॉट्स्की १९३४ मध्ये सदतिसाव्या वर्षी गेला, पियाजे १९८० पर्यंत जगला.

उरलेले पटकन. वाटेल तशा वायरी लावून बघणारं मूल म्हणजे थॉर्नडाइकचं मांजर, प्रयत्न-प्रमाद. बराच वेळ नुसतं बघत बसून एकदम "हां!" करून बरोबर जोडणारं म्हणजे कोहलरचा सुलतान चिंपांझी, मर्मदृष्टी. कोहलबर्गचा सिद्धांत नैतिक विकासाचा, तो सर्किटमध्ये बसत नाही, ओढूनताणून बसवू नका, पण शाळेचा बल्ब खिशात घालून घरी न्यावा का असं विचारा, "बाई मारतील" म्हणणारा पूर्वसांकेतिक, "नियम आहे" म्हणणारा सांकेतिक, "मग दुसऱ्या वर्गाला काय उरणार, नियम असो नसो" असं तत्त्वावर बोलणारा उत्तरसांकेतिक पातळीकडे झुकणारा, आणि असं मूल सहावीत क्वचितच भेटतं. तीन पातळ्या, प्रत्येकीत दोन टप्पे. कॅरल गिलिगनने यावर घेतलेला आक्षेप एका ओळीत लिहून ठेवा, की हे सगळं न्यायाच्या बाजूने आहे, काळजी आणि नात्यांचा विचार यात मागे पडतो.

भाषेलाही तीच दोन पानं वापरा. तीन-चार वर्षांचं मूल म्हणतं "मी अभ्यास करला". घरात कोणीच "करला" म्हणत नाही मग हे आलं कुठून? बस-बसला, उठ-उठला, तसं कर-करला, म्हणजे मुलाने नियम स्वतः शोधला आणि सगळीकडे लावला, याला अतिसामान्यीकरण म्हणतात. नुसत्या अनुकरणाने आणि शाबासकीने भाषा येते या स्किनरच्या मताला इथे धक्का बसतो आणि भाषा शिकण्याची क्षमता जन्मजात असते म्हणणारा चॉम्स्की समजतो. शिक्षकाने काय करायचं, तर "हो का, अभ्यास केला?" एवढं म्हणून पुढे जायचं. तसंच मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल घ्या, कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं घराणंच वेगळं, म्हणजे पहिलीचं मराठी पुस्तक त्याच्यासाठी परक्या भाषेचं पुस्तक आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ बहुभाषिकतेला वर्गातलं साधन मानतो, तेव्हा घरची भाषा वर्गात बोलू न देण्याचा पर्याय कधीच बरोबर नसतो. व्याकरणाला शालेय पुस्तकं बास झाली. मुलगी वायर जोडते कर्तरी, मुलीने वायर जोडली कर्मणी, बाईंनी मुलीला समजावलं भावे, झालं.

इलेक्ट्रॉनिक्सचं म्हणाल तर डिग्रीतले फ्लिपफ्लॉप, अ‍ॅम्प्लिफायर बाजूला ठेवा, शालेय पातळीचं धाराविद्युत, ओहमचा नियम, एकसर-समांतर एवढं पक्कं करा. पाठाची तयारी म्हणून एलईडीचं एक गणित जवळ असू द्या, ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरले ७, करंट २० मिलीअँपिअर हवा तर ७ भागिले ०.०२ म्हणजे ३५० ओहमचा रेझिस्टर, दुकानात ३३० किंवा ३९० मिळतो, मी वर्गात ४७० देते, प्रकाश थोडा कमी पण एलईडी टिकतात. ब्लूमने सांगितलेल्या शिकण्याच्या उद्दिष्टांच्या पातळ्या इथेच लिहून टाका, रेझिस्टरची किंमत सांगणाऱ्या रंगपट्ट्यांचा क्रम म्हणून दाखवणं हे स्मरण, एलईडीसाठी रेझिस्टर काढणं हे उपयोजन. १९५६ च्या यादीत सर्वात वर मूल्यमापन होतं, २००१ च्या सुधारित यादीत नवनिर्मिती वर गेली, हा प्रश्न वारंवार येतो. रंगांचा क्रम लक्षात ठेवायला आपल्याला सगळ्यांना "बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन" हे वाक्य शिकवलं गेलं, त्यातली ती शेवटची "व्हेरी गुड वाइफ" मला कधीच आवडली नाही, मुलांना मी स्वतःचं वाक्य बनवायला लावते आणि ती भन्नाट बनवतात. आणि एखादा मुलगा लाल-हिरव्यात सारखा गोंधळत असेल तर त्याला निष्काळजी म्हणू नका, रंगांधळेपणा असू शकतो, तो मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त असतो, त्याला मल्टिमीटरने मोजू द्या. समावेशक शिक्षणाच्या पानावर हे लिहा आणि खाली २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत ही नोंद.

मेन्सचा करंट वर्गात आणू नका, फक्त सेल, आणि सेलची दोन टोकं वायरीने थेट जोडली की वायर चांगलीच तापते हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

ही वही टीईटी आणि सीटीईटी दोन्हीला चालेल, आणि मागच्या वर्षीचे पेपर सोडवताना प्रत्येक प्रश्न डाव्या पानात घालत गेलात तर गाइडची फारशी गरज पडणार नाही. टेटला (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीला, ही टीईटीहून वेगळी) मात्र या वहीचा उपयोग थोडाच, कारण तिथे १२० मिनिटांत २०० प्रश्न असतात, त्यातले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे, आणि पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, निवड त्याच गुणांवर होते, तेव्हा घड्याळ लावून रोज थोडी बुद्धिमत्तेची उदाहरणं आतापासूनच सुरू करा.