सस्पेंड कोणाला, किती दिवस आणि कशासाठी?

प्रश्न : नमस्कार ताई, माझा भाऊ अमेरिकेत असतो, पुतण्या तिथे आठवीत आहे. गेल्या महिन्यात त्याने वर्गात फोन काढला, सरांनी मागितला तर हा म्हणाला एक मिनिट थांबा, बस, तीन दिवस घरी बसवलं. त्याच्याच वर्गातल्या एका कृष्णवर्णीय मुलाने तेच केलं तर त्याला पाच दिवस! आता आमच्या फॅमिली ग्रुपवर जोरात वाद चाललाय. काका म्हणतात तिथल्या आधीच्या सरकारने काळ्या मुलांना शिक्षाच करू नका सांगितलेलं, ट्रम्पने ते बंद केलं ते बरं झालं. खरं काय आहे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : काकांना सांगा, शिक्षा करू नका असं कोणीच सांगितलं नव्हतं. 8 जानेवारी 2014 ला ओबामा सरकारच्या शिक्षण आणि न्याय खात्याने मिळून शाळांना एक पत्र पाठवलं, आधार 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा, म्हणजे केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळेला वंशावरून भेदभाव करता येत नाही. एकाच चुकीला वंश बघून वेगवेगळी शिक्षा देणं बेकायदेशीर, यावर वाद नाहीच, ट्रम्प सरकारही ते मानतं. वाद पुढच्या मुद्द्यावर आहे. नियम कागदावर सगळ्यांना सारखा, पण त्याचा फटका एकाच समाजाच्या मुलांना जास्त बसतोय आणि त्या नियमावाचून शाळेचं अडत नाही, तर तोही भेदभाव धरायचा असं त्या पत्राचं म्हणणं होतं. फ्लोरिडा राज्यातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर ट्रम्पच्या पहिल्या सरकारने जे कमिशन नेमलं त्याने शिफारस केली आणि डिसेंबर 2018 मध्ये पत्र मागे घेतलं गेलं, 2023 मध्ये बायडन सरकारने याच विषयावर नवीन मार्गदर्शन काढलं, आणि 23 एप्रिल 2025 ला ट्रम्पचा आदेश आला, त्याचा सूर असा की आकडे जुळवायच्या नादात शाळा मुलाचा वंश बघून शिक्षा ठरवायला लागल्या, ते थांबवा.

आकडे कुठले? 2013-14 साली तिथल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं साधारण 15.5 टक्के, पण सस्पेंड झालेल्यांत 39 टक्के. हे संसदेसाठी काम करणाऱ्या ऑडिट ऑफिसने 2018 मध्ये सांगितलं, आणि शाळा गरीब वस्तीतली असो की श्रीमंत, फरक दिसतोच असंही सांगितलं. नुसत्या आकड्यावरून अमुक शाळा दोषी असं ठरत नाही हे मला मान्य आहे, पण एवढा फरक दिसल्यावर शाळेने रजिस्टर उघडून बघायचंच नाही? ते मला पटत नाही. दुसरी बाजूही खरी आहे हो, एक मुलगा रोज वर्ग उधळतोय आणि आकडा वाढेल म्हणून मुख्याध्यापक गप्प, तर बाकीच्या तीसेक मुलांचं काय, आणि त्यात गरीब कृष्णवर्णीय मुलंही असतातच की. हे शिक्षक बोलतात तेव्हा ते ऐकलंच पाहिजे.

माझं मत विचाराल तर घोळ होतो तो कारणाच्या रकान्यात. चाकू आणला, मारामारी केली, हे दिसतं, त्याला साक्षीदार असतात. पण ‘उर्मटपणा’, ‘ऐकत नाही’, ‘वर्गात व्यत्यय’ हे सगळं लिहिणाऱ्याच्या नजरेवर असतं, एकाचं ‘एक मिनिट’ खोडकरपणा वाटतं आणि दुसऱ्याचं धमकी वाटते. तुमच्या पुतण्याचे तीन आणि त्या मुलाचे पाच, हा फरक कदाचित तिथेच पडला असेल, किंवा त्या मुलाचं आधीचं काही असेल, इथे बसून मी सांगू शकत नाही. भावाला सांगा शाळेकडे लेखी कारण मागा. 1975 च्या गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलाही सरकारी शाळेने आरोप सांगायला हवा आणि मुलाची बाजू ऐकायला हवी. आणि त्या दुसऱ्या मुलाच्या आईबाबांशीही बोलायला सांगा, पाच दिवसांची तक्रार त्यांची आहे, त्यांना साथ लागेल. पत्रं येतात जातात, 1964 चा कायदा जागेवर आहे.

प्रश्न : ताई, मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे मार बंद, शाळेतून काढणं बंद, मग अमेरिकेसारखं सस्पेंड तरी करू द्या ना!
– एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : बाई, त्रास समजतो, पण नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत मुलाला काढता येत नाही आणि मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, आपल्या गोव्याच्या 2003 च्या बाल कायद्यातही शाळेत मार देणं बंद आहे. ज्या मुलाची आई सकाळी आठला साईटवर कामाला जाते तो घरी बसून काय करणार सांगा. त्यापेक्षा एक करा, वर्षभरात डायरीत ‘उलट उत्तर देतो’ हा शेरा कोणाकोणाला गेला ती नावं एकदा काढा. त्यात ज्यांना आपल्याकडे सरळ ‘घाटी’ म्हणून हाक मारतात ती मजुरांची मुलं किती आणि डॉक्टर-वकिलांची किती, ते मोजा आणि मला कळवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.