काटकसर आणि एक महागडा ‘च’

“मॅडम, काटकसर करून करून माझा जीव गेला, आणि घरात सगळे मलाच कंजूष म्हणतात.”

समुपदेशक म्हणून हे वाक्य थोड्याफार फरकाने मला दर महिन्याला ऐकायला मिळतं. बोलणारी कधी बँकेतली अधिकारी असते, कधी निवृत्त शिक्षक. मध्यंतरी लग्नाला जेमतेम आठ महिने झालेला एक मुलगा येऊन गेला. खर्च कमी कसा करायचा हे विचारायला माझ्याकडे कुणी येत नाही. ते सगळ्यांना माझ्याहून जास्त कळतं. दुखतं ते दुसरंच. पैसे वाचतात, पण घरातली माणसं दबकून वागायला लागतात, आणि चार घटका मजा करायला बाहेर पडलं की हमखास भांडण होतं. या सगळ्यांना एकदाच काय ते सांगावं म्हणून मीनाताईंची गोष्ट लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मीनाताई त्रेचाळीस वर्षांच्या, पुण्यात राहणाऱ्या, घरी शिकवण्या घेणाऱ्या. नवरा चाकणला एका कारखान्यात, मुलगा सोळा वर्षांचा, मुलगी दहा वर्षांची आणि सत्याहत्तरीच्या सासूबाई. २०२० च्या टाळेबंदीत नवऱ्याची नोकरी गेली. आठ महिने या बाईने साठवलेल्या पैशांवर आणि मोबाइलवरून घेतलेल्या शिकवण्यांवर घर ओढलं. कुणापुढे हात पसरला नाही. पुढे नोकरी लागली, पगार पूर्वीसारखा झाला. मीनाताई मात्र त्या आठ महिन्यांतून बाहेर आल्याच नाहीत.

पहिल्या दिवशी त्या फुलस्केप वही घेऊन आल्या. “आधी ही बघा, मग बोलू.” मी पाहिली. कोथिंबीर १०. कढीपत्ता, शेजारच्या झाडाचा, ०. साय साठवून कढवलेलं तूप किती निघालं, दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्यांचे भंगारवाल्याने किती दिले, १४.२ किलोचा सिलिंडर कुठल्या तारखेला लावला आणि किती दिवस पुरला. कडधान्यं रात्रीच भिजत घालायची, वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये लावायचे, शिट्टी झाली की गॅस बारीक. एसटीत बायकांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून झालं, ही तारीख त्यांना पाठ होती. सासूबाईंना पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे तिकीटच पडत नाही, म्हणून माहेरच्या गावी जायचं ते एसटीनेच. मला खरोखर कौतुक वाटलं. मी स्वतः आलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर नोंदी लिहिणाऱ्यांतली आहे, त्यामुळे ही जमात मला परकी नाही.

“वही उत्तम आहे,” मी म्हटलं. “मग इथे का आलात?”

“मुलगा म्हणाला, आई, तू माझ्या खोलीत फक्त दिवा बंद करायला येतेस.”

त्या दिवशी मी एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी विजेचं बिल घेऊन या, आणि येण्याआधी ते मुलाला वाचायला द्या. मुलाने ते मन लावून वाचलं, कारण पहिल्यांदाच त्याला कुणी ओरडण्याऐवजी काहीतरी विचारलं होतं. त्याचा हिशेब मीनाताईंनी मला जरा नाराजीनेच ऐकवला. घरचा गीझर २ किलोवॅटचा. तो अर्धा तास तापला की एक युनिट जातं. तेवढ्याच विजेवर त्याच्या खोलीतला ९ वॅटचा एलईडी दिवा शंभरहून जास्त तास चालतो. म्हणजे ज्या दिव्यावरून रोज खडाजंगी, तो आठवडाभर रात्रंदिवस जळला असता तरी दीड युनिट. आणि सकाळी पाच जणांच्या आंघोळी दीड-दोन तास रेंगाळायच्या, तोवर गीझर चालूच. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास, हेही त्यानेच शोधून काढलं. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटपर्यंतचा दर एक आणि त्यापुढचा जवळजवळ दुप्पट, त्यामुळे वाचवायची ती वरची युनिटं वाचवायची, हे त्या मुलाचं निदान मी तेव्हापासून किती जणांना सांगितलंय.

इथे मला एक गोष्ट दिसली, आणि ती पुढे बहुतेक घरांत दिसत गेली. आपण डोळ्यांना दिसतं तिथे वाचवतो. जळता दिवा दिसतो, भाजीवालीचे पाच रुपये दिसतात, मुलीने पानात टाकलेली अर्धी पोळी दिसते. गीझर दाराआड असतो. बँक खात्यातून दरमहा आपोआप कापली जाणारी, कुणीच न पाहणाऱ्या ॲपची वर्गणी दिसत नाही. मॉलमधलं ‘एकावर एक मोफत’ तर बचतीसारखंच दिसतं. दुसरी बाटली तारीख उलटून फेकताना मात्र कुणी वहीत लिहीत नाही. मीनाताईंच्या घरी अशा दोन वर्गण्या निघाल्या, दोन्ही नवऱ्याच्या खात्यातून जाणाऱ्या. बंद करायला पाच मिनिटं लागली आणि भांडण शून्य. दिव्याच्या भांडणातून वर्षभरात जेवढं वाचलं असतं, त्याहून जास्त त्या पाच मिनिटांत वाचलं.

तरी ही हिशेबाची बाजू झाली. मीनाताई हुशार, त्यांनी ती दोन भेटींत आत्मसात केली, गीझरची वेळ ठरवून दिली आणि तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, “मॅडम, आता सगळं बरोबर चाललंय, पण माझी धडधड तशीच आहे.”

मी विचारलं, “अलीकडे छान पैसे वाचले, असा एक दिवस सांगा.”

त्यांचा चेहरा खुलला. गेल्या पावसाळ्यात सगळे सिंहगडावर गेले होते. पायथ्याच्या आतकरवाडीकडून चालत, त्यामुळे गाडीचा खर्च नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चार बाटल्या पाणी, सगळं घरून. वर गेल्यावर झुणका-भाकरीवाल्या बायका हाका मारत होत्या, कांदाभजीचा वास सुटला होता. “मुलाने तोंड वेडंवाकडं केलं. पण माझी मुलगी इतकी समजूतदार! मडक्यातलं दही घेऊन एक मावशी तिच्यासमोरच उभी राहिली, तर ही म्हणते, ‘मला दही आवडतच नाही.’ सगळ्यांचं मिळून दोनेकशे रुपये तरी वाचले.”

“तिला दही आवडत नाही?”

“छे! घरी वाटीभर दह्याशिवाय जेवण…”

त्या तिथेच थांबल्या. मी काहीही बोलले नाही. या कामात वीस वर्षांत शिकलेली एकच गोष्ट सांगा म्हटलं, तर मी हेच सांगेन: अशा वेळी गप्प बसायचं. खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या. मीनाताईंनी वही मिटली, पुन्हा उघडली, सिंहगडाचं पान काढलं. तिथे एकच ओळ होती: ‘बाहेरचं खाणं ०’, आणि खाली लाल पेनाने दोन रेघा.

“ती मेन्यूकार्ड उलटं ठेवते,” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. “हॉटेलात गेलो की. मला वाटायचं, हिला कशातच रस नाही.”

मग बरंच काही आलं. मल्टिप्लेक्सला त्या पर्समध्ये चकल्या लपवून नेत, तेव्हा तपासणीच्या रांगेत मुलीचा हात घामाने ओला व्हायचा. (जाता जाता सांगते: बाहेरचे पदार्थ अडवायचा हक्क चित्रपटगृहांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय, पिण्याचं पाणी मात्र त्यांनी फुकट दिलंच पाहिजे. तेव्हा घरून पोटभर खाऊन जावं आणि आत पाणी प्यावं, चकल्यांची तस्करी नको.)

“मग मी काय उधळपट्टी करू?” डोळे पुसून त्यांनी जरा रागाने विचारलं. हा प्रश्न प्रत्येक काटकसरी माणूस विचारतोच.

मी त्यांना फळ्यावर दोन वाक्यं लिहायला सांगितली. ‘पैसे वाया जाऊ नयेत.’ ‘पैसे वाया जाताच कामा नयेत.’

“मोठ्याने वाचा. पहिलं वाचताना पोटात काय होतं?”

“काही नाही.”

“दुसरं?”

त्यांनी वाचलं आणि नकळत छातीवर हात ठेवला. “धडधड.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेल्या विचारावर माझा सगळा भार आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना एव्हाना ठाऊक झालंय. इच्छा असावी, हट्ट नसावा, इतकं साधं ते आहे. एलिस इंग्रजीत जे समजावत राहिले, ते आपल्या भाषेत एका अक्षरात मावतं, असा शोध मला त्या दिवशी लागला आणि त्याचा थोडा अभिमानही वाटला. तो ‘च’ फार महाग पडतो. आठ महिने नोकरी नव्हती तेव्हा तो ‘च’ लागत होता; तेव्हा खरंच एक रुपयाही वाया जाऊन चालणार नव्हतं. पगार परत आला, ‘च’ राहून गेला. वही, तूप, कुकर यांतलं काहीच सोडायचं नव्हतं. तेवढं अक्षर खोडायचं होतं, आणि मीनाताईंनी ते स्वतःच्या हाताने खोडलं.

खोडल्याने लगेच जात नाही. म्हणून मी त्यांना एक काम दिलं, जे मी आता बहुतेकांना देते. पुढच्या सहलीचा आकडा घरच्या सगळ्यांनी मिळून आधी ठरवायचा आणि तेवढे पैसे पाकिटात घालायचे. पाकीट मुलाकडे. त्यातलेच शंभर-शंभर रुपये दोन्ही मुलांच्या हातात. ते कसे खर्चायचे यावर आईने एक शब्द बोलायचा नाही, भुवईसुद्धा वर करायची नाही. आकडा आधी ठरला की सहलीत हिशेब करावा लागत नाही, आणि हिशेब तोंडाने चालू नसला की माणसं एकमेकांकडे बघतात. बाकी काटकसर हवी तेवढी करा. एक जेवण घरून न्या आणि एक वस्तू तिथलीच खा. पाणी घरचं. पुण्यात मेट्रोला शनिवार-रविवारी सवलत असते, ती घ्या. हॉटेलच्या बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते देणं ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढून टाका म्हणून एकदा शांतपणे सांगा. मुलांसमोर मॅनेजरशी वाद घालून चाळीस रुपये वाचवण्यात काही राम नाही.

“आणि तिने ते शंभर रुपये फुकट घालवले तर?”

“घालवू देत. त्यासाठीच दिलेत.”

मंडळी कार्ल्याची लेणी बघायला गेली. लोकलने मळवलीपर्यंत, पुढे थोडं चालत, थोडं रिक्षाने. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, हे मुलीने आधीच शोधून ठेवलं होतं. आईचीच लेक ती. चैत्यगृहातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या आहेत हे ऐकून मुलगा म्हणाला, “हे लोक वस्तू नीट वापरायचे,” आणि मीनाताईंना तो टोमणा आहे की कौतुक ते कळलं नाही. एकवीरेच्या पायऱ्यांवर मुलीने साठ रुपयांची प्लास्टिकची दुर्बीण घेतली. तिच्यातून काहीच दिसत नव्हतं. परतताना तळेगावच्या आधी एक काच निखळून लोकलच्या बाकाखाली गेली.

“मी तोंड उघडलं,” मीनाताई सांगत होत्या. “सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ती माझ्याकडे बघायला लागली. ओरडा बसणार म्हणून खांदे वर घेतलेले. मी म्हटलं, दे इकडे, दुसऱ्या काचेतून बघू.”

“दिसलं काही?”

“तिचं नाक.”

उरलेल्या चाळीस रुपयांचं मुलीने आईसाठी ओल्या खोबऱ्याचं पाकीट घेतलं होतं. ते सगळ्यांनी मिळून शिवाजीनगरपर्यंत पुरवलं. वहीत त्या दिवसाची नोंद अशी: ‘दुर्बीण ६०, वाया गेले. खोबरं ४०.’ खाली लाल रेघा नव्हत्या. पाकिटात दीडशे रुपये उरले, तेही लिहिलेले होते.

सगळं मिळून सात भेटी झाल्या. मधे एकदा जुना ‘च’ परत आला. दिवाळीच्या खरेदीत नवऱ्याशी दोन दिवस अबोला झाला, पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच यादी त्याच्यापुढे ठेवली. दिव्याचं म्हणाल, तर त्या अजूनही मुलाच्या खोलीत जाऊन तो बंद करतात. आधी दहा मिनिटं पलंगावर बसतात, एवढाच फरक.

शेवटच्या भेटीत सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. अर्ध्या तासात आम्ही आटोपलो. दारापर्यंत गेलेल्या मीनाताई परत वळल्या, पर्सची चेन उघडीच होती.

“मॅडम, आज अर्धाच तास झाला. मग फी…?”

मी हसले. फी मात्र पूर्ण घेतली.