घरी बांधलेल्या टू-सीटरमध्ये क्लच पूर्ण दाबला तरी रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. पेडल कसं सेट करू?

आधी क्लचची केबल आवळत सुटू नका. कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे, बघा. संभाजीनगरला आम्ही मारुती ८०० चं इंजिन-गिअरबॉक्स टाकून गाडी बांधली, तेव्हा हाच त्रास होता. पेडल दाबलं की फायरवॉलचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा फुगायचा. पायाचा निम्मा जोर तिथंच जिरायचा, क्लच सुटणार कुठून? वाळूजच्या एका फॅब्रिकेटरकडून ५ मिमीची पट्टी आणि चॅसिसच्या पाइपापर्यंत अँगल वेल्ड करून घेतला, करकर तिथंच थांबली.

पत्रा हलत नसेल, तर मग केबलकडे वळा. पेडलच्या रबरापाशी साधारण १५ ते २० मिमी फ्री प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी चाल, ठेवा. तो शून्य केला तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) सतत घासत राहतं आणि चढावर क्लच घसरतो. केबलला तीव्र वळण नको. सायलेन्सरच्या पाइपापासून तर लांबच ठेवा, उष्णतेनं आतलं प्लास्टिक वितळून केबल जड होते.

पेडलखाली स्टॉपर बोल्ट मात्र लावाच. घरगुती गाड्यांत हाच राहून जातो, आणि पेडल गरजेपेक्षा जास्त दाबलं की प्रेशर प्लेटची (क्लच दाबून धरणाऱ्या प्लेटची) डायफ्राम स्प्रिंग खराब होते. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला की पेडल त्या जागेच्या जरा पुढं जाऊन थांबेल असा बोल्ट लॉक करा.