बाळाची शी पुसताना: पाणी, वाईप्स आणि घासणारा हात

कोल्हापुरात नवजात बाळांच्या आयांना समुपदेशन करताना स्तनपानाच्या खालोखाल मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न लंगोट बदलण्याविषयीचा असतो. बाळाची शी नुसत्या पाण्याने पुसली तर पुरते का, की वाईप्स वापरायलाच हवेत, आणि पाण्याने जंतू जातात का? प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही साधेच आहे: नवजात बाळाला कोमट पाणी आणि मऊ सुती फडके पुरते. मात्र एवढेच सांगून मोकळे झाले, तर ते उत्तर घरात टिकत नाही, कारण बहुतेक वेळा प्रश्नाच्या मागे विचारायला संकोच वाटावा अशी दुसरीच भीती दडलेली असते. अशाच एका बाळंतिणीचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून आणि तिच्या संमतीने, येथे मांडत आहे.

ती पहिलटकरीण होती आणि बाळंतपणासाठी मंगळवार पेठेतल्या माहेरी आली होती. मुलगी जेमतेम दोन आठवड्यांची. आषाढाची झड लागलेली, घरात दोऱ्या बांधून त्यांवर लंगोट आणि दुपटी वाळत घातलेली, आणि तरीही प्रत्येक कापड हाताला दमट लागत होते. बाळाच्या कुल्ल्यांवर आणि मांड्यांच्या वरच्या भागावर लालसर चट्टे उठले होते आणि लंगोट बदलायला घेतला की ते कळवळून रडत होते. "मॅडम, मी एवढी स्वच्छता ठेवते, दर वेळी तीन-तीनदा पुसते, तरी हे का झालं?" असे विचारताना तिचा आवाज भरून आला होता. पलंगाजवळच्या स्टुलावर सुगंधी वाईप्सची पाकिटे, जंतुनाशकाची बाटली आणि पावडरचा डबा असा सगळा सरंजाम मांडलेला होता. वाईप्स बाळाच्या वडिलांनी आणलेले होते. ते शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला होते आणि दर रविवारी सासुरवाडीला येताना मोठी पाकिटे घेऊन येत. बाळासाठी आपणही काही करतो, ही भावना त्यामागे होती, हे लक्षात ठेवणे मला पुढे उपयोगी पडले.

अशा वेळी मी आधी सल्ला देत नाही, नेहमीसारखा लंगोट बदलून दाखवायला सांगते. बोलण्यातून कळत नाही ते हातातून कळते. तिने एका हाताने बाळाचे दोन्ही घोटे धरून पाय वर उचलले, वाटीतल्या पाण्यात जंतुनाशकाचे अर्धे झाकण ओतले, फडके बुडवून पुसले, मग वाईप घेतला. पहिल्या दोन फटकाऱ्यांतच शी निघाली होती. तरी वाईपवर पिवळसर छटा दिसते म्हणून ती त्याच जागी पुन्हा दाबून पुसत राहिली, मग नवा वाईप, मग त्वचेच्या घड्या बोटाने फाकवून आतला पांढरट थर खरवडण्याचा प्रयत्न. अंग पूर्ण कोरडे होण्याआधीच पावडर भुरभुरली गेली आणि लंगोट बांधला गेला. नुसती शू झाली तरी हाच क्रम चालतो, असे तिने सांगितले. या वयाचे अंगावर पिणारे बाळ बहुधा प्रत्येक पाजण्यानंतर थोडी शी करते आणि शू तर त्याहून जास्त वेळा करते. म्हणजे ही घासणी दिवसरात्र चालू होती.

"हे औषधाचं पाणी कुणी सांगितलं?" असे विचारल्यावर ती आधी गप्प राहिली, आईकडे पाहिले आणि मग हळूच बोलली. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात लंगोटावर लालसर डाग दिसला होता. आपल्याकडून नीट पुसले गेले नाही आणि बाळाला आतून जंतुसंसर्ग झाला, अशी तिची खात्री पटली. मुलीच्या जागेवरचे रक्त, मग ते घरातल्या पुरुषांसमोर कसे काढायचे, आणि डॉक्टरांना सांगितले तर ते आपल्यालाच बोलतील, या धास्तीने तिने ते कुणालाच सांगितले नव्हते. मग मेडिकलमधून बाटली आली.

वास्तविक तो डाग घाबरण्यासारखा नव्हता. गर्भात असताना आईची संप्रेरके बाळापर्यंत पोहोचत असतात आणि जन्मानंतर ती एकदम कमी झाली की काही मुलींना पहिल्या आठवड्यात योनीतून पांढरा चिकट स्राव किंवा रक्ताचा हलका डाग दिसतो. तो काही दिवसांत आपोआप थांबतो. ज्याला ती मळ समजून खरवडत होती, तो थरही हा स्राव आणि जन्मवेळचे पांढरे लेपासारखे आवरण यांचाच होता आणि तो तसाच ठेवायचा असतो. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत शूमधल्या क्षारांमुळेही लंगोटावर विटकरी रंगाचा डाग पडतो, मुलगा असो वा मुलगी. असा विटकरी डाग पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला, तर मात्र बाळाला दूध पुरते आहे का, हे तपासून घ्यावे लागते. हे ऐकल्यावर तिची आईच आधी बोलली, "अगं, मग मला सांगायचं न्हाईस व्हय? तुझ्या येळंला बी दिसलं हुतं की!" आमच्या त्या भेटीतले निम्मे काम या एका वाक्याने केले.

उरलेले निम्मे काम त्वचेचे होते. नवजात बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असते. जन्माच्या वेळी तिचा पृष्ठभाग साधारण उदासीन असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो सौम्य आम्लधर्मी होत जातो. ही आम्लता हेच तिचे स्वतःचे संरक्षण आहे. साबण अल्कधर्मी असल्याने वारंवार लावला की ते संरक्षण मोडते. शू आणि शी एकत्र बराच वेळ राहिली, तर शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, अल्कता वाढते आणि अशा वातावरणात शीमधील पाचक रस त्वचेलाच बोचू लागतात. त्यामुळे शी झाल्यावर लंगोट लवकर बदलणे महत्त्वाचे आहे, यात वाद नाही. पण भिजलेली, मऊ पडलेली त्वचा घासल्यानेही तितकीच सोलवटते, आणि जंतुनाशक व सुगंधी द्रव्ये त्या सोलवटलेल्या जागेवर झोंबतात. या बाळाची लाली लंगोट घासतो त्या उंचवट्यांवर होती आणि जांघेच्या घड्या स्वच्छ होत्या. तो बुरशीचा संसर्ग नसून घर्षण आणि ओलावा यांचा परिणाम असावा, असे वाटण्यास जागा होती. जंतूंची भीती वाटत असेल तर ती निस्तरण्याची जागा बाळाचे कुल्ले नसून आपले हात आहेत, हे मी तिला सांगितले: लंगोट बदलण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

मग मी तिच्याकडूनच पुन्हा करवून घेतले. आजीने जुन्या सुती लुगड्याचे धुतलेले तुकडे काढून दिले. उकळून कोमट केलेले पाणी वाटीत घेतले आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिले. आधी लंगोटाच्याच कोरड्या भागाने जाडसर शी उचलून घेतली. मग ओले फडके त्वचेवर क्षणभर ठेवून, शी सैल झाल्यावर पुढून मागे एकदा हलकेच फिरवले आणि दुसऱ्या फटकाऱ्यासाठी फडक्याची दुसरी बाजू घेतली. मुलींच्या बाबतीत पुढून मागेच पुसावे, कारण उलट पुसल्याने शी मूत्रमार्गाकडे जाते; मुलगा असेल तर शिस्नावरची कातडी मागे ओढू नये, ती या वयात चिकटलेलीच असते. शी वाळून चिकटली असेल, किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांतली डांबरासारखी काळी शी असेल, तर बोटावर चार थेंब खोबरेल घेऊन लावावे, ती घासावी लागत नाही. त्यानंतर कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे, चोळायचे नाही. नाळेचा खुंट अजून गळला नसेल, तर तो कोरडा ठेवून लंगोटाची कड त्याच्या खाली दुमडावी. नुसती शू झाली असेल, तर दर वेळी पुसण्याचीही गरज नाही, ओला लंगोट बदलून जागा टिपली की झाले. "पण मग फडक्यावर पिवळं राहतंय," ती म्हणाली. थोडी पिवळी छटा राहिली तर राहू द्यावी, तिने काही बिघडत नाही. पांढऱ्याशुभ्र फडक्याचा हट्ट सोडणे हेच तिला सर्वांत अवघड गेले.

वाईप्सना मी वाईट म्हटले नाही, आणि ते केवळ जावईबापूंचा मान राखण्यासाठी नव्हे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे २८० नवजात बाळांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य वाईप्स आणि कापूस-पाणी यांमध्ये, त्वचेतील ओलावा टिकण्याच्या दृष्टीने, फारसा फरक आढळला नव्हता. त्या चाचणीला पैसे वाईप्स बनवणाऱ्या कंपनीने पुरवले होते, हेही जाता जाता सांगायला हवे, म्हणून तिचा अर्थ मी एवढाच घेते की सुगंध आणि अल्कोहोल नसलेले वाईप्स निरोगी त्वचेला चालतात. या घरातले वाईप्स सुगंधी होते आणि त्वचा आधीच सोलवटलेली होती. ते तूर्त बाजूला ठेवावेत, त्वचा बरी झाल्यावर सहाव्या आठवड्याच्या लसीला जाताना बिनवासाचे पाकीट पिशवीत टाकावे, आणि रविवारी येताना वडिलांनी त्याऐवजी मऊ सुती कापडाचे तयार लंगोट आणावेत, असे ठरले. जंतुनाशकाबाबत मात्र मी तडजोड केली नाही. ती बाटली फरशी पुसायला वापरावी, असे स्पष्ट सांगितले.

आजीचा हिशेब वेगळाच होता. "आमच्या येळंला कुठं हुत्या ह्या वाईप्स? फडकं आन् कोमट पाणी, बास," असे त्या अभिमानाने म्हणाल्या आणि त्यात तथ्य होते, पण अंघोळीच्या वेळी न्हाऊ घालणारी बाई तीच लाल जागा डाळीच्या पिठाने चोळते, हे त्यांच्या बोलण्यात आले नव्हते. पीठ थांबवायचे ठरले आणि पावडरही, कारण ती घड्यांत गोळा होऊन टोचते आणि उडालेली भुकटी बाळाच्या श्वासात जाते. खरा तिढा पावसाचा होता. लंगोट सुकावेत म्हणून शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर ते पसरले जात आणि धूर बाळाच्याच खोलीत कोंडत असे. त्याऐवजी लंगोट कमी साबणात धुऊन, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळून, पंख्याखाली टांगावेत आणि बांधण्याआधी इस्त्री फिरवून कोरडे करावेत, हा उपाय आजीलाच पटला. लाल जागेवर दर बदलाला झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाडसर थर लावायचा आणि पुढच्या वेळी तो खरवडून न काढता फक्त वरची शी टिपून घ्यायची, हे मी शेवटी सांगितले. दुपट्यावर झोपवून दिवसातून काही वेळ बाळाला लंगोटाशिवाय मोकळे ठेवायचेही ठरले.

काही दिवसांनी तिचा फोन आला, तेव्हा लाली ओसरली होती आणि बाळ लंगोट बदलताना रडत नव्हते. ती कमी झाली नसती, तर कुणाकडे आणि केव्हा जायचे हे मी आधीच सांगून ठेवले होते: दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, लाली जांघेच्या घड्यांत शिरून तिच्याभोवती बारीक लाल ठिपके उठले, पाण्याचे किंवा पुवाचे फोड आले, त्वचेतून रक्त आले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि पहिल्या महिन्यात अंग १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापले, किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. फोनवर तिचा नवा प्रश्न रात्रीच्या डायपरचा होता. पावसात रात्री एक डायपर घातला तर चालेल का? चालेल, मात्र त्यात शी झाली की रात्रीच बदलायचा, आणि दिवसा पुन्हा लंगोट.