बेळगावच्या सांबरा विमानतळाबाहेरून विमानांचे फोटो काढले तर पोलीस पकडतात का? चांगली जागा कुठली?

पकडत नाहीत. थांबवतात, विचारतात आणि बहुतेक वेळा सोडून देतात. पकडायची वेळ आणतात ती आपलीच माणसं. ते खाली लिहिलंय. जरा लांबलंय, घाई असेल तर सरळ शेवटावर जा.

जागा मात्र सांगणार नाही. तुम्ही लिहिलंय की ३०० एमएमची लेन्स घेताय आणि रील्सही करायच्या आहेत. रीलवर एकदा जागा गेली की पुढच्या रविवारी तिथे बाइकांची रांग लागते, कुणीतरी पेरलेल्या शेतातून चालत जातं, शेतकरी फोन लावतो आणि सगळ्यांचंच बंद होतं. धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून उतरणं पूर्वेकडून. एवढ्यावरून ज्याला शोधायची तो शोधतो.

कायद्याचं आधी उरकतो. विमान नियम १९३७ मधला नियम १३ सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय फोटो काढू देत नाही. प्रवाशाला विमानाच्या आत फोटोची मुभा २००४ च्या परिपत्रकाने मिळाली. २०२० मध्ये चंदीगड-मुंबई विमानात कॅमेरेवाल्यांनी धुडगूस घातला, तेव्हा डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, आधी डोळे वटारले आणि मग तीच मुभा पुन्हा स्पष्ट केली. २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरनंतर, संरक्षण दलांच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, खिडक्यांच्या झडपा १०,००० फुटांपर्यंत खाली ठेवायचा आदेश आला. हे सगळं हद्दीच्या किंवा विमानाच्या आतलं. बाहेरच्या रस्त्यावरून उतरतं प्रवासी विमान टिपायला यातलं काही आडवं येत नाही.

आडवा येतो तो १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलाने केली. टर्मिनल आज विमानतळ प्राधिकरणाचं असलं तरी शेजारीच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, अग्निवीर वायूची पोरं तिथे घडतात. तुमच्या एटीआरच्या, म्हणजे पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानाच्या, मागे त्यांची भिंत किंवा इमारत आली की प्रकरण छंदाचं राहत नाही. फ्रेम आभाळातच ठेवायची. जाऊन आधी कॅमेरा बाहेर न काढता नुसतं बघा, कुठल्या कोनातून काय दिसतं ते.

आता माझं. २०२५ च्या ऑक्टोबरातली संध्याकाळ. पाऊस संपून हवा धुतलेली, शाळूची पेरणी झालेली, मी ओळखीच्या एका काकांच्या बांधावर उभा. त्यांना विचारून उभा होतो, हे महत्त्वाचं. स्टार एअरची ती सडपातळ एम्ब्रेअर उतरून गेली आणि मागे मोटरसायकल थांबली. पोलीस.

"एन माडाकत्तीरी इल्ली?" इथे काय करताय?

"विमानद फोटो री."

"यारिगे?" म्हणजे, कुणासाठी?

"ननगे," म्हटलं. माझ्यासाठी.

यावर तो जरा थांबला. पेपरसाठी म्हटलं असतं, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी म्हटलं असतं, लग्नाच्या प्री-वेडिंगची जागा बघतोय म्हटलं असतं तरी त्याला पटलं असतं. माणूस स्वतःसाठी उन्हात तासभर उभा राहून विमानाचे फोटो काढतो हे काही पटेना. त्याने कॅमेरा मागितला. मी दिला नाही, गळ्यातच ठेवून स्क्रीनवर एकेक दाखवत गेलो. तसंच करावं. दहाबारा फोटो बघून म्हणाला, "एल्ला ओंदे." सगळे एकच. मग मला चेव आला. हे ओंदे कसं? याला पंखे आहेत, सहा पात्यांचे, ही एटीआर. याची इंजिनं शेपटीला आहेत, ही एम्ब्रेअर, एका बाजूला एक सीट आणि दुसऱ्या बाजूला दोन. ही नोंदणी क्रमांकातली व्हीटीनंतरची अक्षरं वेगळी, म्हणजे हे विमान वेगळं. एकात पाती गोठल्यासारखी दिसतात, तो फोटो वाया गेला. शटर १/२५० वर आणलं की पाती फिरताना दिसतात. त्याला शटरचं काय कळलं देव जाणे, पण त्याने गाडी स्टँडवर लावली. त्याच्या भावाचा मुलगा हवाई दलाच्या भरतीची तयारी करतोय, त्याला किती उंची लागते वगैरे विचारायला लागला. नाव, पत्ता आणि आधारचा फोटो त्याने घेतलाच. पाच मिनिटांत तो निघाला असता.

तेवढ्यात दाजी आले.

कुणीतरी त्यांना फोन केला होता, "तुमच्या मेव्हण्याला पोलिसांनी धरलंय." दाजींचं सासर आमच्या घरी, पण रुबाब सगळ्या तालुक्यात. गाडीवरून उतरायच्या आधीच मोबाइल कानाला. "थांब, साहेबांशी बोलतो." कुठले साहेब ते आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी फोन त्या पोलिसाच्या हातात दिला, त्याने तो ऐकला, परत दिला, आणि त्याचा चेहरा बदलला. बरोबरच आहे. आतापर्यंत शेताच्या बांधावरची गोष्ट होती. आता वरून फोन आला म्हणजे यात काहीतरी असणार, आणि उद्या काही झालं तर 'फोनवर सोडलं' हे त्याच्या अंगावर येणार. तो माणूस काय करेल? ठाण्यात नेईल. नेलं.

ठाण्यात कुणी वाईट वागलं नाही. चहा दिला. जबाब कन्नडमध्ये लिहिला, मला बोलता येतं पण हाताचं लिखाण वाचायला वेळ लागतो, म्हणून वाचून दाखवा म्हटलं, दाखवला, मग सही केली. (मराठीतून कागद मिळायला हवा की नको, तो बेळगावातला सत्तर वर्षांचा विषय आहे, इथे काढत नाही.) रात्री जेवायच्या वेळेला घरी.

या गडबडीत कॅमेरा दाजींनी 'सुरक्षित' ठेवायला घेतला होता. गाडीच्या डिकीत ठेवला, वाटेत कार्ड फॉरमॅट केलं. कुणी सांगितलं नव्हतं. पोलिसांनी फोटो पुसा म्हटलंच नव्हतं, उलट तपासायचे असते तर पुसल्याने संशय वाढला असता. दाजींचं म्हणणं, "पुरावाच नको."

कसला पुरावा? त्या कार्डावर पावसाळ्यापासूनचं सगळं होतं. जुलैतल्या एका ओल्या सकाळी एटीआर पूर्ण जोर लावून निघाली तेव्हा पात्यांच्या टोकांना बाष्प धरलं आणि दोन्ही पंख्यांमागे पांढरी वेटोळी उमटली. हवेत दमटपणा नेमका हवा, जोर हवा, मागे गडद ढग हवा. क्षणभर दिसतं. तो फोटो माझ्याकडे होता. आता तुम्ही म्हणाल, फॉरमॅट झालेलं कार्ड सॉफ्टवेअरने परत मिळतं. मिळतं, त्यावर नवीन काही लिहिलं नसेल तर. दाजींनी दुसऱ्या दिवशी त्याच कॅमेऱ्याने, त्याच कार्डावर, माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो काढले. सॉफ्टवेअरने मला एक शेपटी परत दिली.

तेव्हापासून दर सणाला आमचा तोच वाद. दाजींचं मत, मोबाइलवर काढ, मोबाइलवाल्याला कुणी विचारत नाही, ही तोफ घेऊन फिरलं की संशय येणारच. मला हे मान्य नाही. ज्याला खरंच काही लपवायचंय तो मोठी पांढरी लेन्स गळ्यात अडकवून उघड्या बांधावर उभा राहील का? लेन्स दुरून दिसते, हाच तिचा उपयोग. झुडपात दडून, गाडीच्या काचेआडून काढणारेच अडकतात. दाजी मग ग्रीसचं काढतात: २००१ मध्ये कालामाटाच्या हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच छंदिष्ट धरले, एप्रिल २००२ मध्ये शिक्षा झाली, नोव्हेंबरात अपिलात सुटले. ही गोष्ट त्यांना मीच सांगितली होती, आता ती मलाच ऐकवतात. पण ते लोक लष्करी तळावर विमानांचे नंबर वहीत उतरवत होते. मी इंडिगो काढतोय. आणि दिल्लीत २०१० मध्ये दोन ब्रिटिश अडकले, ते हॉटेलात धावपट्टी दिसेल अशी खोली मागून आणि रेडिओ यंत्रं बाळगून. तिथून धडा घ्यायचाच तर रेडिओचा घ्या. वैमानिकांचं बोलणं ऐकायला स्कॅनर विकत घेऊ नका, ऑनलाइन कितीही स्वस्त मिळाला तरी. विनापरवाना रेडिओ हा वेगळा गुन्हा आहे आणि तिथे 'ननगे' चालत नाही. वेळा बघायला फ्लाइटरडार भरपूर झालं.

तर, ठाण्याची पायरी चढायची नसेल तर घरी जागा सांगा पण कुणाचा नंबर लावू नका असं बजावून ठेवा. थांबवलं तर ओळखपत्र द्या, फोटो स्वतः दाखवा, स्वतःहून काही पुसू नका, कुणाला पुसू देऊ नका. जा म्हटलं तर जा, वाद घालू नका. जमिनीच्या मालकाशी आधी बोला, त्याची ओळख आमदाराच्या ओळखीपेक्षा कामाची. ड्रोनचं नावही काढू नका.

मी वकील नाही, वरचं माझ्या वाचण्याप्रमाणे आहे. सीमेवर तणाव असेल तेव्हा, आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्टच्या आसपास, मी स्वतः तिकडे फिरकत नाही. एवढी धास्ती वाटत असेल तर कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला जा किंवा हुबळीला. दोन्हीकडे शेजारी हवाई दलाचं ठाणं नाही, त्यामुळे अर्धं दडपण तिथेच उतरतं. गोव्याचं दाबोळी नको, ते नौदलाचं आहे.

लेन्सचं विचारलंत. ३०० पुरते, सांबऱ्याला विमान जवळून जातं, आणि दुपारी धावपट्टीवरची हवा इतकी थरथरते की ६०० घेऊनही फोटो लिबलिबीतच येतो. वाचलेल्या पैशांत दुसरं कार्ड घ्या.